वेशीवरचा भाकरतुकडा

एका राज्यात धैर्यसेन नावाचा राजा होता. तिथली रीत अशी, की रणातून शिपाई परतले म्हणजे राजाने वेशीत उभे राहून त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. जे पडले, त्यांच्या नावानेही टाकायचा. त्याखेरीज जिवंत वा मेला, कोणी शिपाई वेस ओलांडत नसे.

उत्तरेच्या लढाईत साठ शिपाई पडले. राजा जिंकला आणि हत्तीवरून थेट मेजवानीला गेला. वाचलेल्यांवरून प्रधानाने ओवाळले. पडलेल्यांना सगळेच विसरले. जिंकलेली माणसे अशीच असतात.

दुसऱ्या दिवसापासून राज्यातली प्रत्येक भाकरी तव्यावरच राख होऊ लागली. माणसे कंदमुळांवर तगली, पण राजाची सात वर्षांची लेक रेणुगंधा अंथरुणाला खिळली. वैद्यांनी हात टेकले.

तेव्हा वेशीवरची टिटवी बोलली, "राजा, साठ जण बाहेर ताटकळले आहेत. रणातले पाणी आण. त्यांच्या घरच्या जात्यावर स्वतः पीठ दळ. मग एकेकाला नावाने हाक मार. एक जरी राहिला, तरी लेक वाचायची नाही."

राजा अनवाणी गेला. रणातला ओढा अजून तांबडा होता. त्याने घागर भरली आणि वाटभर कुणाला तिला हात लावू दिला नाही.

साठांतल्या एकाची विधवा तानूबाई. राजा तिच्या दारी उभा राहिला.

"आता आलात?"

"चुकलो, बाई. मला त्यांची नावेही ठाऊक नाहीत."

"मग बसा जात्याला."

राजा जाते ओढू लागला, ती गाऊ लागली. आजूबाजूच्या विधवा आल्या, आया आल्या. जिने तिने आपल्या माणसाचे नाव ओवीत गुंफले. राजाच्या तळहातांना फोड आले. एकोणसाठ ओव्या झाल्या आणि जाते थांबले. साठाव्यासाठी गाणारे कुणीच नव्हते.

ते पीठ त्या पाण्यात मळले. तेवढी एक भाकरी राख झाली नाही.

राजा भरदुपारी वेशीत उभा राहिला. हाक मारी, तुकडा ओवाळी, टाकी. धुळीने माखलेला एकेक शिपाई आत येई, आपल्या उंबऱ्याशी क्षणभर थांबे आणि नाहीसा होई. बायका रिकाम्या उंबऱ्याकडे बघत राहिल्या.

शेवटी एकटा उरला. त्याच्या छातीत बाण होता. राजाने त्याला ओळखले. तो बाण राजावर सुटला होता.

"तुझे नाव काय?"

"त्या दिवशी विचारायचे होतेत, महाराज."

"विचारले नाही. माझे चुकले. आज सांग."

"भिवा."

राजाने शेवटचा तुकडा ओवाळून टाकला. "भिवा, घरी ये."

"मला घर नाही, महाराज."

"मग माझ्या उंबऱ्यावर ये."

तो आला. आत निजलेल्या पोरीकडे त्याने पाहिले आणि तो गेला. मुदपाकखान्यात तव्यावरची भाकरी टम्म फुगली. राजाने रडत रडत तिचा पहिला घास लेकीला भरवला.

पुढे रेणुगंधा जात्यावर बसू लागली, तेव्हा तिची पहिली ओवी भिवाची असे.