अठरा हातांचा दोर

एकतारीवर भजने गात गावोगाव फिरणारे नथनेल महाराज ईस्टरला पिंपळदऱ्याला येणार, असे कळले तेव्हा ख्रिस्ती मंडळीच्या आमोस पंचांनी मनातल्या मनात एक हिशेब मांडला. पैशाचा नव्हे, पैशाच्या बाबतीत पंच सरळ माणूस. हा हिशेब मानाचा होता. महाराज आपल्या घरी उतरले, की चार दिवस ओटीवर माणसांची रीघ लागणार. ईस्टरच्या सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत आपण पहिली घागर शेंदली, की पाच गावांच्या मंडळीसमोर त्या मानावर संताची मोहर उमटणार. आणि महाराज एकदा 'छान' म्हणाले, की 'ही रीत हवी कशाला' म्हणून दोन वर्षे कुरकुरणाऱ्या बायका आपोआप गप्प होणार. बदल्यात द्यायचे काय? एक कांबळे आणि दोन वेळची भाकरी. तीही महाराज अर्धीच खातात असे ऐकून होते. इतका स्वस्त सौदा पंचांना उभ्या आयुष्यात सापडला नव्हता.

भाविकहो, पिंपळदरा हे प्रवरेच्या खोऱ्यातले लहानसे गाव. गावाबाहेर अर्ध्या कोसावर टेकडी, टेकडीवर ख्रिस्ती मंडळीचे दगडी देऊळ, आणि देवळापुढे एक आड. अरुंद, खोल, आत उतरायला पायरी नाही. वस्तीजवळ नवी विहीर झाल्यापासून आडाकडे वर्षभर कोणी फिरकत नसे. मात्र ईस्टरच्या सकाळी त्याचे भाग्य उजाडे. पाच गावची माणसे टेकडी चढून येत. येताना कोणी पाणी आणायचे नाही, अशी रीत. उपासना संपली की पंचांनी आडातून पहिली घागर शेंदायची आणि क्रूसाच्या पायरीवर ओतायची. त्यानंतरच बाकीच्यांनी पाणी प्यायचे. आधी आमोस पंचांचे आजोबा ओतत, मग वडील, आणि तीस वर्षे झाली, आमोस पंच.

का ओतत? ते कोणी विचारले नव्हते.

शनिवारी पंचांनी महाराजांसाठी फाट्यावर बैलगाडी पाठवली. गाडी रिकामी परत आली. महाराज आडवाटेने चालत आले होते आणि वस्तीच्या अगदी शेवटच्या घरी, गऊबाईच्या छपरात बसून ताक-भाकरी खात होते. पंचांच्या हिशेबातली पहिली बाब तिथेच खोडली गेली.

ही गऊबाई म्हणजे घायपाताचे दोर वळून पोट भरणारी एकटी विधवा. तिच्या सासरी पिढ्यान् पिढ्या तोच धंदा. मंडळीत सगळे प्रभूची लेकरे असे दर रविवारी म्हटले जाई, आणि ते म्हणताना गऊबाई दारापाशी बसलेली असे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने पापे धुतली गेली होती; पंक्तीतली जागा तेवढी धुवायची राहून गेली होती.

पंच तिच्या दाराशी आले तेव्हा महाराज, अंगावर खादीची कफनी, एकतारी भिंतीला टेकवलेली, असे दोराचे एक टोक धरून बसले होते. दुसऱ्या टोकाला गऊबाई पीळ देत होती.

"महाराज, तुम्ही इथं?" पंच म्हणाले. "घरी पुरणपोळीचा बेत केला होता."

"या बाईंनी हाक मारली, भूकही लागली होती," महाराज म्हणाले. "दोन्हींचा मेळ बसला. बसा पंच, पीळ धरा जरा."

पंच बसले नाहीत. दोराकडे पाहून हसले. "गऊबाई, यंदाही केलास का? दर ईस्टरला एक दोर आणतेस, दर वेळी मी देवळाजवळच्या लिंबाखाली ठेवायला सांगतो. कोणाला बांधायचा विचार आहे? देवाला?"

"देव कुठला बांधला जातोय, पंच," गऊबाई पीळ न सोडता म्हणाली. "आन् तुमास्नी बांधायचं म्हनलं तर येवढा पुरायचा न्हाई."

महाराजांनी हसू आवरले नाही. मग विचारले, "किती हात आहे हा?"

"अठरा. माज्या सासूनं आडाच्या पयल्या पान्याला वळला, तो अठरा हातांचा व्हता. म्हून मीबी तेवढाच वळते. देवाच्या घरचं पानी एकदा तरी ह्या दोरानं निघावं, येवढीच विच्छा."

"निघतं आहे पाणी," पंच म्हणाले. "माझ्या दोरानं. तोही अठराच हात आहे. सुती, लाल-पिवळा, गोंडे लावलेला. नगरच्या बाजारातून खास आणलेला. देवाच्या कामाला शोभेचं काही नको का? घायपात कातडी सोलतं माणसाची."

महाराज एवढेच म्हणाले, "पंच, पहिली घागर तुम्ही पायरीवर का ओतता?"

"परंपरा आहे, महाराज."

"कोणाची?"

"आजोबांची."

"त्यांनी का ओतली?"

"ओतायची असते म्हणून ओतली असेल," पंच म्हणाले, आणि उशीर होतो आहे असे सांगून निघाले. महाराज तिथेच राहिले.

ईस्टरची सकाळ उजाडली. उपासना झाली, भजने झाली, आणि दहा वाजेपर्यंत चैत्रातल्या उन्हाने टेकडी तव्यासारखी तापली. लेकरे पाण्यासाठी रडू लागली. खालच्या गावची शलोमी कडेवरचे तान्हे घेऊन पुढे आली. "पंच, घोटभर पाणी काढू द्या हो. पोरगं तापानं फणफणलंय."

"अगं, पहिली घागर होऊ दे," पंच म्हणाले. "एवढी वर्षं कोणी मेलं का?"

त्यांनी रेशमी काठाचा फेटा सारखा केला. आजोबांची पितळी घागर दोराला बांधली. रिवाजाप्रमाणे दोराचे वरचे टोक उजव्या मनगटाला तीन वेढे देऊन आवळले, आडाच्या ठेंगण्या कठड्यापाशी उभे राहिले, महाराज पाहत आहेत ना याची खात्री केली, आणि घागर ऐटीत आत सोडून दिली.

तीस वर्षे पाणी पंधरा हातांवर लागत आले होते. 'डुबुक' असा आवाज होई आणि मंडळी 'हालेलुया' म्हणे. पण मागची दोन वर्षे पाऊस रुसला होता. पाणी खाली गेले होते. मान मात्र जिथल्या तिथे होता. आत वाकून पाहण्याचे कोणाला सुचले नव्हते, कारण रीतीत घागर सोडायचे होते, पाहायचे नव्हते.

डुबुक झालेच नाही. अठरा हात दोर संपला, जड घागरीचा हिसका मनगटाला बसला, आणि पंच कठड्यावरून आत गेले. आधी फेटा, मागून पंच.

वर एकच हाहाकार उडाला. खाली आमोस पंच गळ्याएवढ्या गार पाण्यात एका निसटत्या दगडाला धरून लटकत होते. पायाखाली अजून पुरुषभर पाणी, आणि पोहणे त्यांना येत नव्हते. घागर गाठ सुटून तळाला गेली होती. लाल-पिवळा दोर मनगटाला तसाच होता. वर भाकरीएवढे आभाळ दिसत होते, आणि त्याच्या कडेला डोकी.

कोणी ओरडले, "गाड्यांचे कासरे आणा!" पण गाड्या टेकडीच्या पायथ्याशी. कोणी दोन फेटे गाठून सोडले. खळ घातलेल्या कापडाची ती गाठ अर्ध्या वाटेवर सुटली आणि एक फेटा पंचांच्या डोक्यावर येऊन पडला. एरवी मानाचा फेटा मिळाला असता तर पंच सुखावले असते.

बोटे बधिर होऊ लागली. पंचांच्या मनात एक विचित्र विचार आला. तीस वर्षांत आपण तीस घागरी शेंदल्या. त्यातला एक पेलाही कोणाच्या तोंडाला लावला नाही. वर माणसे तहानलेली, आणि आपण एकटे गळाभर पाण्यात. मंडळीसमोर त्यांची प्रार्थना पाव तास चाले, त्यात एकही ठेवणीतले वाक्य राहून जात नसे. आजची दोन शब्दांत आटपली.

"प्रभू, धर."

त्याच वेळी वरून महाराजांचा आवाज घुमत खाली आला. "गऊबाई, दोर द्या तुमचा."

पंचांचा मुलगा शांतवन रडवेल्या सुरात म्हणाला, "महाराज, तोही अठराच हात. बाबांचा पुरला नाही, हा कसा पुरेल?"

"त्यांचा दोर त्यांच्याच मनगटाला बांधलेला होता, बाळा. आपलाच दोर आपल्याच मनगटाला बांधून माणूस वर कसा येईल? हा दोर मी प्रभूच्या नावानं धरतो. तुम्ही मला धरा."

महाराज कठड्यावर पालथे झाले. दोराचे शेवटचे वीतभर टोक तेवढे त्यांच्या मुठीत. बाकी सारा दोर आत. चौघांनी त्यांच्या कमरेला मिठी घातली. आणि खालून पंच पाहत राहिले. घायपाताचा तो खरबरीत दोर उतरत आला. फेट्यांची गाठ सुटली होती ती जागा त्याने ओलांडली. आता संपेल, आता संपेल, असे म्हणेपर्यंत तो पंचांच्या छातीशी आला, आणि तिथेही थांबला नाही. काखेखालून दोन वेढे घेऊन गाठ मारता येईल एवढा तो उरला. काय प्रभूची करणी! ज्याला पंच शनिवारी हसले होते, तोच त्यांना मिठी मारून बसला.

महाराजांनी ओढायला सुरुवात केली. दोर जसजसा वर आला तसतसे इतर हात लागले, आणि थोड्या वेळाने मंडळीचे पंच, निथळत, बोडक्या डोक्याने, उन्हात येऊन पडले.

श्वास परत आल्यावर दुसरा कोणी रडला असता. पंच हिशेबी माणूस. त्यांनी गऊबाईचा दोर हातात घेतला आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लावत मोजला. अठरा. मनगटाचा लाल-पिवळा दोर सोडून मोजला. अठरा. गऊबाईचा पुन्हा मोजला. मग त्याला देवळातली पत्र्याची बादली बांधून आडात सोडली. बादली अधांतरी झुलत राहिली. खाली पाणी होते ते चांगले सात हात खाली.

पंचांनी बादली वर ओढून घेतली.

"गऊबाई," पंच हळूच म्हणाले, "तुझ्या सासूनं पहिला दोर वळला, त्या दिवशी काय झालं होतं?"

"तुमास्नी ठावं न्हाई?" गऊबाईला खरेच नवल वाटले. "गावच्या पानवठ्यावर आपल्यास्नी शिवू देत नव्हते. म्हून समद्यांनी मिळून ह्यो आड खनला. पानी लागलं ईस्टरच्या दिशी. तुमच्या आज्यानं माज्या सासूच्या दोरानं पयली घागर काढली, आन् क्रूसाच्या पायरीवर बसून येकेकाला वंजळीनं पाजली. म्हाताऱ्या, लेकरं, समदी. सोता शेवटाला प्याले. जे सांडलं ते पायरीवर सांडलं, तेवढंच."

पंच पायरीकडे पाहत राहिले. आजोबांनी पाजले होते. लोकांच्या लक्षात सांडलेले राहिले. आधी दुसऱ्यांना पिऊ द्यायची रीत होती, तिची थांबवून ठेवायची रीत झाली होती, आणि ती जपण्यासाठी आपण तीस वर्षे आखडून उभे होतो.

ते उठले. लाल-पिवळा दोर आणि घायपाताचा दोर एकमेकांना गाठले. तोंडाने काही न म्हणता बादली सोडली. डुबुक झाले. पहिली बादली वर काढून ते पायरीवर बसले. पहिली ओंजळ शलोमीच्या तान्ह्याला. दुसरी गऊबाईला.

"पंच, माजा नंबर शेवटाला," ती म्हणाली.

"आज शेवटचा नंबर माझा आहे," पंच म्हणाले. "तो मी कोणाला देणार नाही. मानाचा आहे."

गऊबाई हसली आणि प्याली. लोक येत गेले. बादल्यांमागून बादल्या निघाल्या. दुपार कलली तरी कोणाला घरी जायची घाई नव्हती. लिंबाखाली कोणी भजन धरले, कोणी शिदोऱ्या सोडल्या, आणि आज कोण कुठे बसले हे पाहायचे सगळे विसरले.

शेवटी महाराज आले. पंचांनी ओंजळीसाठी त्यांचे हात धरले आणि पंचांचे स्वतःचे हात थबकले. महाराजांच्या दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. वीतभर टोकावर पंचांचा सारा भार त्यांनी पेलला होता.

"महाराज, हे..." पंच महाराजांच्या पायांवर कोसळले.

महाराजांनी त्यांना दंडाला धरून उठवले. "माझ्या पाया पडू नका, आमोसराव. चार दिवसांत कातडी येईल. ज्याचे हात तुमच्या-माझ्यासाठी कधीचेच फाटले आहेत, त्याच्या नावानं पाणी पाजत राहा. आणि वाकायचंच असेल, तर दोर ज्यांचा, त्या तिथं बसल्या आहेत."

तेव्हा पाच गावांच्या मंडळीसमोर आमोस पंच बोडक्या डोक्याने गऊबाईपुढे वाकले. "अवो पंच, काय करताय," म्हणत ती मागे सरली; पण ते वाकलेच. मग त्यांनी शेवटची ओंजळ घेतली. तीस वर्षांत आडाचे पाणी इतके गोड कधी लागले नव्हते.

भाविकहो, आता त्या दिवसाचा हिशेब तेवढा राहिला. पंचांना हवे होते त्यातले काहीच मिळाले नाही, आणि मिळाले त्याची त्यांनी कधी इच्छा धरली नव्हती. गऊबाईचा दोर गेला, तो देवळाचा झाला. पंचांची घागर आणि फेटा गेले, ते आडाने ठेवून घेतले. पण अठरा आणि पंचवीस यांच्यामधले ते सात हात कोणी भरले, असे पिंपळदऱ्यात आजही कोणी विचारले, तर म्हातारी माणसे बोलत नाहीत. नुसते आपले दोन्ही तळवे उघडून दाखवतात.