माणसामागे एक अधोली मणी

खाडीच्या तोंडाशी तो काळा खडक दिसतोय ना, उकिडव्या बसलेल्या माणसासारखा, त्याला आम्ही थुंकीधोंडा म्हणतो. आमच्या आडवेळ गावचा माणूस त्याच्यावर थुंकल्याशिवाय पुढे जात नाही. होडीतून जाणाराही तोंड वळवून तेवढं काम करतोच. ओहोटीला त्याच्या बुडाशी रेतीत जुने काचमणी सापडतात. काही तांबडे, आत पांढऱ्या गाभ्याचे, काही निळे, पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचे. शहरातली मंडळी चाळण्या घेऊन येतात, गुडघे टेकून रेती चाळतात आणि एखादा मणी हाताला लागला की आरोळ्या ठोकतात. त्यांचे दागिने होतात म्हणे, 'ॲन्टिक' म्हणून मिरवतात. आम्ही अडवत नाही. नुसतं बघतो. तुम्हीही त्यासाठीच आला असाल, तर आधी इथे बांधावर बसा आणि ऐका.

फार पूर्वी, शिडाच्या गलबतांच्या काळात, आडवेळला एक खोत होता. त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण मी ते घेणार नाही. सगळं मिठागर त्याच्या ताब्यात आणि आम्ही आगरी त्याच्यासाठी मीठ पिकवणारे. एका वर्षी दर्यापारचं एक गलबत खाडीत शिरलं. त्याच्या मालकाकडे पिंपं भरभरून काचमणी होते. दूरच्या मुलखात भट्टीत ढिगाने होणारा माल तो. गलबत हलकं पडलं तर वजनाला तळाशी टाकायचे, आणि कुठे एखादा मूर्ख भेटलाच तर विकायचे. आडवेळला त्याला मूर्ख भेटला. असं सांगतात की खोताने पहिला मणी उन्हात धरला आणि त्याला वाटलं, हे माणिक.

खोताने आगरातली तरणीताठी माणसं बोलावली. म्हणाला, "उत्तरेच्या बंदरात मीठ उतरवायचंय. पावसाच्या आत परत याल." माणसं निघाली. त्यांत पदू होता, बायजाचा नवरा, आणि त्याच्या पाठचा भाऊ काळूही होता. गलबत नांगर उचलेपर्यंत खोत वर फळीवर उभा राहून अधोलीने मणी मोजून घेत होता. अधोली म्हणजे धान्य मोजायचं लाकडी माप. आमच्या माणसांना वाटलं, मिठाचा मोबदला घेतोय.

पाऊस आला आणि सरला. माणसं आली नाहीत. बायका वाड्यावर विचारायला जाऊ लागल्या तेव्हा खोताने प्रत्येकीला एकेक माळ दिली. "तुमच्या घरधन्यांनी तिकडून पाठवलीय," म्हणाला. "काम वाढलंय, म्हणून राहिलेत." बायका हरखल्या. बायजा तर ती माळ घालूनच मिठात उतरायची. कुणी विचारलं की मान जरा वर करायची आणि सांगायची, "त्यांनी धाडली."

खोत स्वतः गळ्यात मावेनात इतक्या माळा घालून रोज खाडीच्या तोंडाशी त्या धोंड्यावर बसायचा. समोर मिठाचे ढीग पडायचे, पाईक भाल्यांसह उभे राहायचे आणि हा बोटांनी मणी कुरवाळायचा. नवरीसुद्धा इतकी नटत नाही.

मग काळू परत आला.

माशांच्या होडीतून आला. पाठीवर चाबकाचे वळ होते. काठेवाडच्या बाजूला त्याने समुद्रात उडी टाकली होती आणि तिथल्या मच्छीमारांनी त्याला उचललं होतं. बायजाने त्याला पेज वाढली. तो खायला बसला आणि तिच्या गळ्याकडे बघून त्याचा हात थांबला.

"वहिनी, ही माळ कुठली?"

"तुझ्या दादानी धाडली ना."

काळू रडायला लागला. त्याने सांगितलं ते असं. माणसांना गलबताच्या पोटात साखळ्यांनी बांधलं होतं. कुठल्या मुलखात विकणार, तेही ठाऊक नव्हतं. खलाशी त्यांना बघून हसायचे. म्हणायचे, तुमच्या मालकाने माणसामागे एक अधोली काच घेतली, त्याहून कमी दिली असती तरी त्याने घेतली असती.

बायजाने पेजेचं भांडं बाजूला सरकवलं आणि ती चालत खाडीवर गेली. काळू मागोमाग होता. वाटेत ज्या ज्या बायका भेटल्या त्यांना त्याने तेच सांगितलं.

खोत धोंड्यावर बसला होता. बायजा पुढ्यात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "माजा पदू अधोलीत मावत होता का रे?"

खोताला 'अरे' म्हणणारं तोवर कुणी जन्मलं नव्हतं. तिने माळ तोडली, मणी त्याच्या मांडीत ओतले आणि त्याच्या तोंडावर थुंकली.

खोत हसला. धोतराच्या सोग्याने गाल पुसत पाइकांना म्हणाला, "हाकला हिला."

पाईक हलले नाहीत, कारण बायजाच्या मागे दुसरी बाई येऊन उभी होती, तिच्यामागे तिसरी, आणि त्या रांगेत पाइकांच्या बहिणी होत्या, मावश्या होत्या. एकेक बाई पुढे यायची, माळ तोडायची, मणी त्याच्या मांडीत टाकायची, थुंकायची आणि बाजूला व्हायची. कुणी शिवी दिली नाही. ती रांग संपली तेव्हा पाइकांनी भाले वाळूत टाकले, थुंकले आणि तेही घरी गेले.

तो दिवस पुनवेचा, भरती चढत होती. त्याला उठून जाता आलं असतं, पण मणी मांडीवरून घरंगळून पाण्यात पडत होते आणि तो ते वेचून सोग्यात भरत होता. पाणी कमरेला आलं तरी वेचत होता. बांधावरून एकाने हाक मारली म्हणे, "सोड ते, वर ये." त्याने सोगा छातीशी अधिकच घट्ट धरला. कुणी खाली उतरलं नाही. ओहोटी लागली तेव्हा खोत नव्हता. पूर्वी पाटासारखा सपाट असलेला धोंडा गुडघे पोटाशी घेतलेल्या माणसासारखा झाला होता. तुम्ही जे वेचायला आलात, ते त्याच्या सोग्यातून सांडलेलं आहे.

बायजाने पुढे उभा जन्म मिठात काढला. काळूने आगराचा कारभार पाहिला. नेलेल्यांपैकी दुसरं कुणी आलं नाही.

आजही आगरात पहिलं मीठ धरलं की त्या सकाळी कुणी लगेच फावडं उचलत नाही. बायाबापड्या समुद्राकडे तोंड करून बांधावर उभ्या राहतात आणि सगळ्यांत म्हातारी बाई एकेकाच्या नावाने हाक मारते. पदूऽ, चांगाऽ, हिरूऽ, धर्माऽ. प्रत्येक हाकेनंतर ती गप्प राहते, माणसाला ओ द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग पुढचं नाव घेते.