सातभाईंची सात अक्षरं

रानातले वाद रानातच मिटत, त्या काळची ही गोष्ट. खारी आणि मुंगसं कवठाचा चेंडू करून सामने खेळत, आणि मुंगसांच्या बाजूनं ओरडायला बाभळीवर सातभाई पक्षी जमत.

त्या वर्षीच्या वणव्यात खारींच्या गोलरक्षकाची पिल्लं गेली होती. तिची स्वतःची शेपटीही होरपळली होती. ती गोलात उभी राहिली आणि बाभळीवरून आरोळी उठली, "भाजली रे भाजली!" चेंडू तिच्या शेजारून आत गेला. ती हललीसुद्धा नाही.

बंदोबस्तावरच्या टिटवीनं सातही जणांना पकडून न्यायाधीश गव्यापुढे उभं केलं.

"नाव?" गव्यानं पहिल्याला विचारलं.

"सातभाई."

"आणि तुझं रे?"

"सातभाईच. आम्हाला एकेकट्याचं वेगळं नाव नसतं, साहेब."

गुन्हा मात्र कुणी कबूल करेना. पहिला म्हणाला, "मी नुसतं 'भा' म्हटलं." दुसरा म्हणाला, "मी 'ज'." असं करत सातव्यापर्यंत सात अक्षरं वाटली गेली. "एका अक्षरात कसली आलीय शिवी?" सातवा म्हणाला.

तेव्हा गोलरक्षक खार पुढे येऊन म्हणाली, "मला ते अख्खंच ऐकू आलं."

गव्यानं शेपटीनं माशी हाकलली. "एका तोंडाला एका सामन्याची बंदी, असा कायदा आहे. नाव सांगताना तुमच्यातला प्रत्येक जण सातभाई होता. तेव्हा प्रत्येकाला सात सामने."