बोलका तराजू आणि वरची मूठ

“मग तुम्हीच सांगा बाबा, भरवसा ठेवायचा तरी कोणावर? माणसावर, की तराजूवर?”

मेघश्यामने विचारलं आणि उपरण्याच्या टोकाने आपल्या तराजूची पितळी दांडी पुसली. उत्तर त्याला ठाऊक होतं. प्रश्न आपला रीतीपुरता.

झुंबरपुरात त्या दिवसांत दुकानदारांचे हाल कुत्रं खात नव्हतं. शहर मंत्रांचं. दिवे तेलावाचून जळत, गालिचे माणसं वाहून नेत. डोंगरातल्या गुहांत राक्षस मारून वीर मंडळी सोन्याच्या थैल्या घेऊन उतरत आणि हातभर दोरीलाही नाणं फेकत. सोनं इतकं झालं की मिठाला सोन्याचा भाव आला. तेही चाललं असतं हो! धंद्यात चढउतार असायचाच. पण त्यातलं कितीतरी सोनं मंत्राचं. रात्री गल्ल्यात टाकावं, सकाळी पाहावं तर पिंपळाची पानं! दुधाने तोंड पोळलेला बाजार मग ताकही फुंकून पिऊ लागला. खऱ्या नाण्यालाही कोणी हात लावेना. एकेक दुकान फळ्या लावून बसलं.

मेघश्याम मांत्रिक. वय कोवळं, मान ताठ. त्याने यावर तोड काढली. तराजूच्या दांडीवर मधोमध पितळेचा मुखवटा बसवला. नाणं मंत्राचं असो की माप चुकलेलं असो, मुखवटा ओरडायचा, “खोटं!”

आता बाजाराला फक्त शिदोजीबाबांचा शिक्का हवा होता. बाबा एके काळचे धान्याचे व्यापारी. दुकान भाच्याला देऊन ते बाजाराच्या पारावर येऊन बसले होते, आणि बाजारात कोणी त्यांचा शब्द खाली पडू देत नसे. संध्याकाळी पंच बसणार होते. शिक्का असला तर दुकानोदुकानी मेघश्यामचा तराजू. नसला तर तराजू तांबटाच्या भट्टीत.

बाबांनी शेंग फोडली.

“आधी सगुणाक्काकडे लावून बघ.”

सगुणाक्का पोहे-चुरमुरे विकायची. तिच्या दुकानात तराजू टांगताच एक वीर आला. डोळा सुजलेला, ढालीला पोचे. त्याने नाणं टाकलं. मुखवटा गप्प. नाणं खरं!

“वाहवा!” लोक म्हणाले. मेघश्यामची मान आणखी वीतभर वर गेली.

अक्काने पोहे जोखले. दांडी सरळ झाली. मग हाताच्या सवयीने तिने वर एक मूठ टाकली.

“खोटं!”

“कोणाला खोटं म्हणतोस रे पितळ्या?” अक्का उखडली. “माझ्या सासूनेसुद्धा मला असं ऐकवलं नाही!”

“अक्का, माप जास्त झालं,” मेघश्याम समजावू लागला. “कमी ते खोटं, तसं जास्त तेही खोटंच.”

अक्काने मूठ परत घेतली. मुखवटा गप्प झाला.

वीराने पुड्याकडे पाहिलं. मग नाणं उचललं. “राहू द्या अक्का,” म्हणाला, आणि अजून जुनाच तराजू असलेल्या शेजारच्या दुकानात शिरला.

मेघश्याम पाराकडे धावला. “बाबा, तराजू चुकला नाही!”

“नाही चुकला.”

“मग?”

बाबांनी आणखी एक शेंग फोडली.

“बाबा, मग झालं काय?”

“गिऱ्हाईक गेलं.”

मेघश्यामने क्षणभर डोकं खाजवलं. “सोपं आहे. मूठ मंत्रातच घालतो. दर मापावर एक मूठ, सक्तीची. नाही दिली तर ओरडेल.”

“घाल की!” अक्का दुकानातूनच ओरडली. “मग गिऱ्हाईक ती मूठ हक्काने मोजून घेईल आणि म्हणेल, अक्का, आता वरची दे!”

सगळा बाजार हसला. मेघश्यामचे कान लाल झाले. तो मुकाट्याने तराजू सोडवायला अक्काच्या दुकानी गेला. तेवढ्यात त्याचं पोट असं गुरगुरलं की पुढ्यातलं मांजर उठून गेलं.

“जेवलास का रे?”

“शिक्का मिळाल्याशिवाय जेवायचं नाही, असं ठरवलंय.”

“मर मेल्या उपाशी! …बस इथे.”

“फुकट नको, अक्का. मांत्रिक भीक घेत नाही.” त्याने नाणं ठेवलं.

“बरं बाई, भीक नको तर विकत घे.” अक्काने पोहे जोखले. दांडी सरळ. मुखवटा गप्प.

मग अक्काने त्याच्या खोल गेलेल्या गालांकडे एकवार पाहिलं. पारड्यात मूठभर पोहे टाकले. वर गुळाचा खडा ठेवला.

मुखवट्याने तोंड उघडलं. “खो…”

आणि मेघश्यामचा तळहात त्याच्या तोंडावर गच्च बसला.

मेघश्याम आपल्याच हाताकडे पाहत राहिला, दुसऱ्याचा असल्यासारखा. हाताखाली पितळ गुरगुरत होतं.

बाबा इतके हसले की मांडीवरच्या शेंगा साऱ्या पारभर झाल्या. डोळे पुसत ते उठले, कनवटीचा शिक्का काढला आणि चालत येऊन तराजूच्या दांडीवर ठोकला.

“बाबा…” मेघश्यामचा हात अजून तिथेच होता. “पण मी हे आत्ता काय केलं?”

“आधी गूळ खा,” बाबा म्हणाले. “आणि हिशेब मात्र खरा ठेव हो.”