दुसऱ्या खुर्चीची उमेदवारी

एका गावात एक भोळा पोरगा होता. लोकांची नावं कशाला घ्या, तो मीच. नाव केरबा. बारावीत दोनदा नापास झालो तेव्हा आई म्हणाली, "पुस्तक तुला पावत न्हाई. हातात कसब घे." आणि तिनं मला श्रीपतीतात्यांच्या सलूनमध्ये उमेदवारीला ठेवलं.

तात्यांचा करार तोंडी होता. वर्षभर शिकायचं, शेवटी परीक्षा, पास झालो तर दुकानातली दुसरी खुर्ची माझी. त्या खुर्चीवर माझा फार जीव होता. आईनं तर खुर्चीच्या उशीला अभ्राही शिवून ठेवला होता.

दोन महिने केस झाडले, मग वस्तरा हातात आला. चौगुले गुरुजी दाढीला बसले होते. तात्या चहाला निघताना म्हणाले, "गुरुजींचा चेहरा साफ करून ठेव." गुरुजींना डुलकी लागली. मी दाढी काढली. मग भुवया काढल्या. त्याही चेहऱ्यावरच होत्या.

तात्या ओरडले, "आरं, गिऱ्हाइकाला इचारल्याबिगर वस्तरा लावायचा न्हाई!"

मला पटलं. मला सगळंच पटतं.

पुढं वाण्याच्या नातवाचं जावळ निघालं. बाळ मामाच्या मांडीवर. मी अदबीनं विचारलं, "बारीक करू का मध्यम?" बाळानं माझं बोट चोखलं. मी परत विचारलं. मुहूर्त टळला, पुरणपोळ्या गार झाल्या, मामा अवघडलेल्या पायानं लंगडत घरी गेला. मी विचारतच होतो.

"ज्याला बोलता येत न्हाई, त्याच्या बापाला इचारायचं!" तात्यांनी कपाळावर हात मारला.

हेही पटलं. आठवड्यानं सरपंच आनंदराव दाढीला आले. नुकतीच दाढ काढलेली, तोंडात कापसाचा बोळा. हातानंच गाल दाखवत होते. म्हटलं, यांना बोलता येत नाही. सायकल काढली आणि मळ्यात त्यांच्या वडिलांना गाठलं. म्हातारा पंच्याऐंशीचा, पण आवाज खणखणीत.

"मिशी काढ त्याची! सरपंच झाल्यापासनं लई पीळ भरतोय."

मी परत आलो आणि काढली. सरपंच ऊं ऊं करत होते, पण बापाचा शब्द मोठा.

आमच्याकडे मिशी उतरते ती बाप गेल्यावर. सरपंच दुकानाबाहेर पडले आणि बाजारपेठेनं धडाधड शटरं ओढली. सासरी असलेल्या तिन्ही बहिणी जीप करून रडत आल्या. म्हातारा ओट्यावर भाकरी खात होता. लेकी गळ्यात पडल्या तसा तोही रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "गेलं कोण?"

तात्यांना घरी जाऊन माफी मागावी लागली. आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. "बाप हाय तवर मिशीला हात लावायचा न्हाई. बाप गेला की मगच मिशी काढायची. येवढं तरी ध्यानात ठेव, लेकरा!"

हे मी आरशाच्या मागं खडूनं लिहून ठेवलं.

वर्ष भरलं. परीक्षेला तात्या स्वतःच खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीचा साखरपुडा होता. मिशी तर अशी, की टोकावर लिंबू ठरावं.

"एक ओरखडा उठला न्हाई, तर खुर्ची तुझी," तात्या म्हणाले.

मी वस्तऱ्याला धार लावली. वर्षभराचं शिक्षण काय वाया जातं? आधी विचारलं, "तात्या, करू?"

"कर."

"वडील हायेत?"

"गेले की. वीस वर्षं झाली."

तात्या डोळे मिटून घोरायला लागले. माझा हात तोवर इतका हलका झाला होता, की त्यांना शेवटपर्यंत जाग आली नाही. मी दाढी केली. मिशी काढली. बापाचं कार्य अर्धवट ठेवू नये म्हणून डोकंही केलं, शेंडी तेवढी राखली. एक ओरखडा नाही!

तात्या उठले. आरशात पाहिलं. मग मागं कोण उभं आहे, ते वळून पाहिलं. मग नाकाखाली हात फिरवला.

"केरबा," ते अगदी हळू म्हणाले, "माझा बाप जाऊन वीस वर्षं झाली रं."

मी मान खाली घातली. चूक ती चूक.

"उशीर झाला खरा, तात्या," मी म्हणालो. "पर मी कामाला लागलोच मुळी गेल्या वर्षी."