आभाळाला पायऱ्या

“मग काकी ‘नाही’ का म्हणाली?”

युवराजनं सोमगीर महाराजांपुढं लॅपटॉप उघडला.

“बोल की. व्हिडिओ तूच आवळून लहान केलास ना?”

“मीच. गाव धरणात जायच्या आधीची पहाट आहे. मूळ फाइल अवाढव्य आणि नव्या वसाहतीत नेटवर्क मरतुकडं. म्हणून लहान केली. कौल न् कौल दिसतंय, महाराज. तरी फोन हातात घेऊन म्हणते, ‘हे आपलं गाव न्हवं.’”

“कारण?”

“कारण कसलं? म्हातारी आहे.”

म्हाताऱ्यांना नकाराला कारण लागत नाही. तो त्यांचा जुना माज. सोमगीर महाराजही त्यातलेच. भगवी घालण्याआधी उभा जन्म त्यांनी व्हिडिओ लहान करण्यात घालवला. आता मठात बसून सरळ उत्तर म्हणून देत नाहीत.

“लहान फाइल, म्हणजे डेटाचे मोजके बिट होते. वाटणी कशी केलीस?”

“अ‍ॅडाप्टिव्ह क्वांटायझेशन. प्रायोगिक सेटिंग, माझं स्वतःचं. जिथं बारकावा तिथं जास्त बिट. घरं, वड, पार… आभाळाला अगदी थोडे. तिथं आहेच काय?”

“तपासलंस?”

“एकेक फ्रेम थांबवून.”

“पहाट… थांबवून?”

महाराजांनी खांद्यावरची छाटी काढली आणि स्क्रीनच्या खालच्या भागावर टाकली. गाव झाकलं. उरलं आभाळ.

“चालव.”

एक करडा पट्टा आला. थांबला. मग एकदम दुसरा. पट्ट्यांच्या कडा जिन्यासारख्या. उजेड उड्या मारत उतरत होता.

“तुमच्यात आभाळाला पायऱ्या होत्या काय रे?”

युवराजचे कान तापले. “आभाळाला दिलं तर घरांचं जाईल. फाइल वाढवता येत नाही. लोक आपलं घर शोधतील की आभाळ?”

“उलटं करून बघ.”

“कौलं पुसतील!”

“पुसू देत.”

त्यानं सेटिंग उलटवलं, रागानंच. व्हिडिओ पुन्हा आवळायला लावला. महाराज डोळे मिटून बसले. झोपलेही असतील.

झालं. युवराजनं छाटी ओढून काढली, पुसलेली कौलं म्हाताऱ्याच्या नाकासमोर धरायला. व्हिडिओ चालू केला, बोट रोखलं.

“हे बघा, इथं…”

बोट तसंच राहिलं.

करड्यातून पांढरं… पांढऱ्यातून पिवळं… कुठं काय बदललं ते सापडेना. पापणी न हलवता तो बघत होता, तरी उजेड त्याला चुकवून आत आला होता. डोंगराला कड आली. खाली घरं उभी राहिली, धुरकट, आपापल्या जागी.

कौलांकडं बघायचं राहूनच गेलं.

“हे… आपलंच आहे.”

गाव बुडालं त्या दिवशी तो रडला नव्हता. आता त्यानं बाहीनं नाक पुसलं.

“महाराज, काकीला पाठवतो.” अंगठा बटणाकडं गेला.

महाराजांनी त्याचं मनगट धरलं. नजर स्क्रीनवरच.

“थांब. पुरतं उजाडू दे.”