वेलीवरचा काळा डाग

खूप खूप मागची गोष्ट. तेव्हा झाडं बोलायची आणि ती ऐकायला माणसांना सवडही असायची. आता झाडं बोलतात की नाही कोण जाणे. आपल्यालाच सवड नाही!

डोंगराच्या पायथ्याशी एका मळेकऱ्याचा पानमळा होता. राजाच्या विड्याला याच मळ्याची पानं जात. हा मान पिढीजात, पण त्याला एक अट होती: वेलीवर डागी पान दिसता कामा नये. दरबारचा कारभारी अधूनमधून येऊन मळा पाहून जाई. म्हणून डाग दिसला रे दिसला, की मळेकरी ते पान खुडून टाके.

एका वर्षी मळ्यात बुरशी शिरली. पानांवर काळे ठिपके उठू लागले. मळेकऱ्याने खुडण्याचा सपाटा लावला. पण जितकं खुडावं, तितक्या वेली वाळत चालल्या. शेवटी एकच वेल हिरवी उरली, आणि तिच्याही खालच्या पानावर ठिपका उठला. मळेकरी हात पुढे करतो तोच वेल म्हणाली,

"बाबा, थांबा. हे पान तोडू नका."

"अगं पोरी, उद्या कारभारी यायचाय. त्याला डाग दिसला तर मान गेला म्हणून समज."

"आणि पान गेलं तर मी जाईन. तो डाग बुरशीने नाही पाडला. माझ्याच माणसांनी पाडलाय."

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, इथे जरा पानाच्या आत डोकावू या. पान म्हणजे एक गावच. त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य घरं असतात; त्यांना पेशी म्हणतात. बुरशीचा तंतू त्यातल्या एका घराशी आला आणि गोड आवाजात म्हणाला, "दार उघडा, पाहुणा आलोय." पण त्याच्या अंगरख्याचा बारीकसा तुकडा उंबऱ्यात गळून पडला होता. पेशीने तो चाचपला आणि चोर ओळखला.

या चोराला जिवंत घरातलंच अन्न लागे. मेलेल्या घरात तो उपाशी मरे.

पेशीने शेजारणींना विचारलं, "आपण जगलो तर हा जेवणार. काय करायचं?"

"मग आपण जगायचं नाही," शेजारणी म्हणाल्या.

रडारड झाली नाही. आधी त्यांनी पानाच्या शिरांमधून वरच्या पानांना सांगावा धाडला, 'चोर आलाय. भिंती जाड करा, औषध घोटून ठेवा.' मग आपापली घरं पेटवून दिली. चोर मधल्या मध्ये अडकला. तो काळा ठिपका म्हणजे त्या घरांची राख. मला तर असा ठिपका दिसला की हात जोडावेसे वाटतात.

"सांगावा अजून वाटेत आहे," ही सगळी हकीकत मळेकऱ्याला सांगून वेल म्हणाली. "पान तोडलंत तर तो वर पोचायचा नाही. बाकीच्या वेली अशाच गेल्या, बाबा."

मळेकऱ्याने भोवतालच्या वाळलेल्या वेलींकडे पाहिलं. सगळा मळा त्याने आपल्याच नखांनी मारला होता. त्याने पुढे केलेला हात मागे घेतला आणि तो म्हणाला, "राहू दे पान."

दुसऱ्या दिवशी कारभारी आला. "काय हो मळेकरी, राजाच्या विड्याला डागी वेल?"

"डाग आहे, सरकार. आणि तो राहणार."

"पिढीजात मान जाईल."

"जाऊ द्या. वेल राहिली पाहिजे."

मान गेला, तो त्या अटीसकट शेजारच्या मळ्यांकडे. शेजारच्या मळेकऱ्यांनी पोटभर हसून घेतलं.

काही दिवसांनी बुरशी त्या वेलीच्या वरच्या पानांवर चढली. पण तिथे भिंती जाड झाल्या होत्या, औषध तयार होतं. तिला शिरकावच मिळाला नाही. वेलीच्या शेंड्याला नवा कोंब फुटला. पंचक्रोशीतल्या मळ्यांत मात्र खुडणं जोरात चालू होतं, आणि ते मळे एकामागून एक बसले. दरबारातलं तबक रिकामं राहिलं.

कारभारी पुन्हा आला, आता हात जोडून. "पानं द्या."

"पानं आज मिळायची नाहीत," मळेकरी म्हणाला. "बेणं देतो. मळ्यामळ्यात लावा. पण आधी तुमची ती अट मोडा."

राजाने अट मोडली, तेव्हा कुठे त्या मुलुखात पुन्हा पानमळे उभे राहिले.

तात्पर्य: घर राखताना ज्याच्या अंगावर डाग पडले, त्यालाच डागी म्हणून खुडून टाकलं, तर घर राखायला कोणी उरत नाही.